ऑफ-ग्रिड सौर घरासाठी बॅटरी: प्रकार, क्षमता आणि निवड

प्रस्तावना

विजेच्या तारा जिथे पोहोचलेल्या नाहीत अशा पाड्यांवर, वस्त्यांवर आणि शेतातल्या घरांत सौर संच हाच विजेचा आधार असतो. या संचातील पॅनेल साधारण वीस ते पंचवीस वर्षे चालते. बॅटरीचे आयुष्य मात्र त्यापेक्षा बरेच कमी असते. त्यामुळे पॅनेल चांगले असूनही बॅटरी संपल्याने घर पुन्हा अंधारात जाते. योजनेतून मिळालेल्या संचाची देखभाल मुदत संपली की नवी बॅटरी बहुधा तुम्हालाच विकत घ्यावी लागते, आणि हा संचातील सर्वात मोठा वारंवार येणारा खर्च आहे.

दुकानात जाण्याआधी तुम्हाला तीन गोष्टी ठरवता आल्या पाहिजेत: बॅटरी कोणत्या प्रकारची हवी, किती क्षमतेची हवी आणि ती तुमच्या पॅनेलला व चार्ज कंट्रोलरला जुळते का. या लेखात ही माहिती हिशोबासह दिली आहे.

हा लेख कोणासाठी

- सौभाग्य योजनेचे लाभार्थी: प्रधानमंत्री सहज बिजली हर घर योजना सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. दुर्गम भागातील घरांना या योजनेतून २०० ते ३०० वॅटचा सौर संच, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची दुरुस्ती-देखभाल अशी तरतूद होती. सुरुवातीच्या काळात बसवलेल्या संचांची ही पाच वर्षे आता उलटली आहेत.
- पीएम-जनमन अभियानाचे लाभार्थी: प्रधानमंत्री जनजाती आदिवासी न्याय महाअभियान १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाले. विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या ज्या घरांपर्यंत वीजवाहिनी नेणे शक्य नाही, त्यांना ऑफ-ग्रिड सौर संच देण्याची तरतूद यात आहे. एका घरासाठी ५०,००० रुपये किंवा प्रत्यक्ष खर्च अशी मर्यादा आहे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे समूह या अभियानात येतात.
- स्वखर्चाने संच बसवणारी कुटुंबे: शेतातले घर, पाड्यावरचे दुकान, अभ्यासिका किंवा समाजमंदिर.

पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजनेचे अनुदान वीजजोडणी असलेल्या घरांच्या छतावरील, ग्रिडला जोडलेल्या संचासाठी आहे. ज्या घरात मीटरच नाही, त्या घराला ते लागू होत नाही. कोणी त्या योजनेचे नाव सांगून ऑफ-ग्रिड बॅटरीसाठी पैसे मागत असेल, तर आधी वीज वितरण कंपनीच्या कार्यालयात खात्री करा.

डीप सायकल बॅटरी म्हणजे काय

जीप किंवा ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करताना काही सेकंद मोठा प्रवाह देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. तिच्या प्लेट पातळ असतात. सौर घरातली बॅटरी रोज संध्याकाळपासून पहाटेपर्यंत हळूहळू उतरते आणि दिवसा भरते. या कामासाठी जाड प्लेटची किंवा नळीदार प्लेटची बॅटरी लागते. तिला डीप सायकल बॅटरी म्हणतात. एकदा उतरून पुन्हा भरणे म्हणजे एक आवर्तन.

गाडीची जुनी बॅटरी सौर संचाला जोडली तर सुरुवातीला दिवे लागतात, पण रोज खोलवर उतरल्याने ती काही महिन्यांत निकामी होते. स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नका.

बॅटरीचे प्रकार

१. ट्यूब्युलर लेड-अ‍ॅसिड: ग्रामीण भागात सर्वात सहज मिळणारी आणि तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी बॅटरी. यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. वजन जास्त असते. रोज निम्म्यापेक्षा जास्त न उतरवल्यास चांगली टिकते.

२. सीलबंद लेड-अ‍ॅसिड: हिला व्हीआरएलए किंवा जेल बॅटरी असेही म्हणतात. पाणी घालावे लागत नाही. मात्र जास्त चार्जिंग आणि उष्णता हिला सोसत नाही. एकदा आतले द्रावण कमी झाले की भरून काढता येत नाही.

३. लिथियम फेरो फॉस्फेट: हलकी, पाणी लागत नाही आणि ८० टक्क्यांपर्यंत उतरवली तरी चालते. आतमध्ये संरक्षण सर्किट असते. किंमत सुरुवातीला जास्त असते. शून्य अंशाखालील तापमानात ती चार्ज करता येत नाही. त्यामुळे लडाख, स्पीती यांसारख्या भागांत ती घराच्या आत उबदार जागी ठेवावी लागते.

सरकारी योजनेतील अनेक संचांत लिथियम बॅटरी असते. तिच्या जागी लेड-अ‍ॅसिड बॅटरी बसवायची असेल तर फक्त बॅटरी बदलून भागत नाही. दोन्हींची चार्जिंगची पद्धत वेगळी आहे. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार बदलण्याची सोय नसेल, तर कंट्रोलरही बदलावा लागतो.

लेबल कसे वाचावे

व्होल्ट आणि एएच: १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे १२ × १५० = १,८०० वॅट-तास साठवणूक. एएच म्हणजे अँपिअर-तास. पाण्याच्या टाकीला जसे लिटर, तसे बॅटरीला वॅट-तास. १,००० वॅट-तास म्हणजे वीजबिलातील एक युनिट.

सी-१० की सी-२०: हे अक्षर नक्की पाहा. सी-१० म्हणजे ती क्षमता १० तासांत उतरवून मोजली आहे, सी-२० म्हणजे २० तासांत. बॅटरी सावकाश उतरवली की जास्त वीज देते, म्हणून सी-२० चा आकडा मोठा दिसतो. सी-२० वर १५० एएच लिहिलेली बॅटरी सी-१० च्या मापाने साधारण १२० ते १३० एएच भरते. सौर बॅटरी सी-१० ला मोजतात, घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरी बहुधा सी-२० ला. दोन दुकानांतले भाव ताडून पाहताना दोन्हीकडे एकच माप धरा.

उत्पादनाची तारीख: लेड-अ‍ॅसिड बॅटरी दुकानात पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते आणि आतून खराब होते. शक्यतो तीन महिन्यांच्या आत तयार झालेली घ्या.

मानक: सौर वापराच्या बॅटरीसाठी आयएस १६२७० हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख लेबलवर किंवा माहितीपत्रकात आहे का, ते विचारा.

वॉरंटी: "६० महिने" एवढेच ऐकून थांबू नका. त्यातील किती महिने बॅटरी मोफत बदलून मिळेल आणि किती महिने फक्त किमतीत सूट मिळेल, हे कार्डावर वेगवेगळे लिहिलेले असते.

क्षमता कशी काढावी: पाच पायऱ्या

पायरी १. रोजचा वापर मोजा. प्रत्येक उपकरणाचे वॅट × किती तास चालते. उदाहरणादाखल एक घर घेऊ:

| उपकरण | हिशोब | वॅट-तास |
|---|---|---|
| ४ एलईडी दिवे, ७ वॅट | ४ × ७ × ५ तास | १४० |
| १ डीसी पंखा, २५ वॅट | २५ × ६ तास | १५० |
| २ मोबाइल | २ × १५ | ३० |
| लहान डीसी टीव्ही, २० वॅट | २० × २ तास | ४० |
| एकूण | | ३६० |

पायरी २. वाटेतली गळती धरा. तारा आणि कंट्रोलरमध्ये काही वीज जाते. सगळी उपकरणे डीसी असतील तर एकूण आकड्याला ०.९ ने भागा. इन्व्हर्टर असेल तर ०.८ ते ०.८५ ने भागा. इथे ३६० ÷ ०.९ = ४०० वॅट-तास.

पायरी ३. उन्हाशिवाय किती दिवस काढायचे ते ठरवा. बहुतेक ठिकाणी दोन दिवस धरतात. ४०० × २ = ८०० वॅट-तास.

पायरी ४. किती उतरवायची ते ठरवा. लेड-अ‍ॅसिड निम्मी वापरायची, म्हणून ०.५ ने भागा: ८०० ÷ ०.५ = १,६०० वॅट-तास. लिथियम ८० टक्के वापरता येते, म्हणून ०.८ ने भागा: ८०० ÷ ०.८ = १,००० वॅट-तास.

पायरी ५. व्होल्टने भागा. लेड-अ‍ॅसिड: १,६०० ÷ १२ = १३३ एएच. बाजारात मिळणारी पुढची बॅटरी १५० एएच, सी-१०. लिथियम: १,००० ÷ १२.८ = ७८ एएच. म्हणजे ८० किंवा १०० एएच.

स्वतःच्या घराचा हिशोब कागदावर मांडा आणि तो कागद दुकानात सोबत न्या. विक्रेता त्यापेक्षा मोठी किंवा लहान बॅटरी सुचवत असेल, तर कोणत्या पायरीवर त्याचा आकडा वेगळा येतो ते विचारा.

पॅनेल बॅटरी भरू शकते का

इथे सर्वाधिक चूक होते. वीज पुरत नाही म्हणून मोठी बॅटरी आणली जाते, पण पॅनेल तेच राहते. बॅटरी वीज तयार करत नाही, फक्त साठवते. लहान पॅनेलवर मोठी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती वेळेआधी निकामी होते.

वरच्या घराचा हिशोब असा. रोज ४०० वॅट-तास वापरायचे, तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरतानाचे नुकसान धरून पॅनेलकडून सुमारे ५०० वॅट-तास यायला हवेत (४०० ÷ ०.८). दिवसाला सरासरी ४.५ तास पूर्ण ऊन आणि धूळ, उष्णता यांमुळे पॅनेलचे ७५ टक्के उत्पादन धरले, तर ५०० ÷ (४.५ × ०.७५) = सुमारे १५० वॅट. पावसाळ्यात ऊन ३ तासांवर आले, तर ५०० ÷ (३ × ०.७५) = सुमारे २२० वॅट.

दुसरी कसोटी प्रवाहाची. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका प्रवाह मिळावा. १५० एएचला १५ अँपिअर. १५० वॅटचे पॅनेल भर उन्हात साधारण ८ अँपिअर देते, म्हणून ते अपुरे आहे. ३०० वॅटचे पॅनेल एमपीपीटी कंट्रोलरसह १६ ते १८ अँपिअर देते, म्हणून ते योग्य आहे. तुमचे पॅनेल २०० वॅटचे असेल तर १०० एएचची बॅटरी घ्या. ती याच वापरावर दीड दिवस चालेल आणि रोज पूर्ण भरेल.

पीडब्ल्यूएम की एमपीपीटी: ३०० वॅटच्या अनेक पॅनेलचा कामाचा व्होल्टेज ३० च्या वर असतो. असे पॅनेल साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर निम्म्याहून अधिक वीज वाया जाते. त्याला एमपीपीटी कंट्रोलरच हवा. ३६ सेलच्या "१२ व्होल्ट" पॅनेलला पीडब्ल्यूएम चालतो.

इन्व्हर्टर असलेल्या जागेचे उदाहरण

समाजमंदिर किंवा अभ्यासिका: २ पंखे (३० वॅट, ६ तास) ३६०, ४ ट्यूब (२० वॅट, ४ तास) ३२०, टीव्ही (६० वॅट, २ तास) १२०, संगणक (५० वॅट, २ तास) १००. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी वीज खातो: १० वॅट, १० तास म्हणजे १००. एकूण १,००० वॅट-तास.

१,००० ÷ ०.८५ = सुमारे १,१८०. दोन दिवसांचे २,३६०. निम्मी वापर: ४,७२०. २४ व्होल्टवर ४,७२० ÷ २४ = सुमारे १९७ एएच. म्हणजे १२ व्होल्ट, २०० एएचच्या दोन बॅटरी एकापुढे एक जोडून. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनी आणि नवी एकत्र जोडली तर जुनी नवीलाही खाली ओढते.

काम संपल्यावर इन्व्हर्टर बंद करण्याची सवय ठेवा.

तुमच्या भागानुसार काय बदलते

- कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा, ईशान्य भारत: सलग अनेक दिवस ढग असतात. त्या सगळ्या दिवसांसाठी बॅटरी घेणे परवडत नाही. दोन-तीन दिवसांची क्षमता ठेवा आणि झडीच्या दिवसांत टीव्ही बंद, पंखा कमी, दिवे चालू असा क्रम घरात ठरवून ठेवा.
- विदर्भ, मराठवाडा, राजस्थान: उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी सतत १० अंश जास्त तापमानात राहिली, तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीला लागून ठेवू नका. मातीच्या भिंतीची, सावलीची खोली उत्तम.
- लडाख, हिमाचल, उत्तराखंडचा उंच भाग: थंडीत क्षमता घटते, म्हणून क्षमता थोडी जास्त धरा. उतरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले द्रावण गोठून डबा फुटू शकतो. हिवाळ्यात ती भरलेलीच ठेवा.

स्वस्त कोणती: किंमत नव्हे, युनिटचा हिशोब

समजा १५० एएचच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी कंपनी ५० टक्के वापरावर १,५०० आवर्तने सांगते. एका आवर्तनात ०.९ युनिट, म्हणजे आयुष्यभरात १,३५० युनिट. समजा १०० एएचच्या लिथियम बॅटरीसाठी ८० टक्के वापरावर २,००० आवर्तने सांगितली आहेत. एका आवर्तनात सुमारे १.०२ युनिट, म्हणजे २,०४० च्या आसपास युनिट. आता प्रत्येकीची किंमत तिच्या युनिटने भागा. ज्या बॅटरीचा आकडा कमी, ती खरी स्वस्त. लेड-अ‍ॅसिडच्या बाजूने डिस्टिल्ड वॉटरचा खर्च धरा आणि दोन्हीकडे वाहतुकीचा. नादुरुस्त झाल्यास जवळ सेवा केंद्र कुठे आहे, हेही पाहा.

बसवताना आणि वापरताना

- कंट्रोलर वगळून बॅटरीला थेट तार जोडू नका. रात्री कंट्रोलर दिवे बंद करतो, तो बॅटरी वाचवण्यासाठी. त्या वेळी थेट जोडणी केली तर दिवे आणखी दोन तास लागतात, पण बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.
- बॅटरीजवळच योग्य फ्यूज बसवा. तार जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा.
- लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ती चूल, देवघरातला दिवा आणि झोपण्याच्या जागेपासून दूर, हवेशीर ठिकाणी, लाकडी फळीवर ठेवा. मुलांचा हात पोहोचू देऊ नका.
- दर महिन्याला पाण्याची पातळी पाहा. कमी असेल तर बॅटरी भरल्यानंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे, नळाचे किंवा फिल्टरचे पाणी चालत नाही. अ‍ॅसिड कधीही घालू नका.
- द्रावण अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.
- टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर आला तर जोडणी सोडवून पुसा आणि पेट्रोलियम जेली लावा. आधी पॅनेलची जोडणी काढा, मग बॅटरीची. पुन्हा जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.
- पॅनेल आठवड्यातून एकदा सकाळी पुसा.

बॅटरीची तपासणी: बॅटरी काही तास विश्रांतीत असताना मल्टिमीटरने मोजा. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १२.५ किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ किंवा कमी म्हणजे उतरलेली. लिथियम बॅटरीला हे आकडे लागू होत नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

योजनेतील बॅटरी वॉरंटीत बिघडली. काय करावे?
बॅटरी उघडू नका आणि बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेऊ नका. संचावरील क्रमांक, बसवल्याची तारीख आणि हस्तांतरणाचा कागद घेऊन संच बसवणाऱ्या एजन्सीकडे लेखी तक्रार द्या. प्रत वीज वितरण कंपनीला किंवा राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेला द्या. महाराष्ट्रात ही संस्था महाऊर्जा आहे. पोच घ्यायला विसरू नका.

विकत घेतलेल्या बॅटरीची वॉरंटी दुकानदार नाकारतो. कुठे जावे?
राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड लागते.

संचावर मिक्सर, इस्त्री किंवा पाण्याचा पंप चालेल का?
घरगुती दिवा-पंख्याच्या संचावर नाही. ही उपकरणे काही मिनिटांत दिवसभराची वीज ओढतात आणि संच बिघडला तर वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

जुन्या बॅटरीचे काय करावे?
नवी घेताना दुकानात परत द्या आणि तिची किंमत बिलात वजा करून घ्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घरी फोडून शिसे वितळवू नका. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते.

खरेदीपूर्वी तपासणी यादी

१. रोजच्या वॅट-तासांचा कागद तयार आहे.
२. पॅनेलचे वॅट आणि कंट्रोलरचा प्रकार लिहून घेतला आहे.
३. बॅटरी सौर वापराची आहे आणि क्षमता सी-१० ची आहे.
४. पॅनेल ती रोज पूर्ण भरू शकते.
५. उत्पादनाची तारीख ताजी आहे.
६. मोफत बदलीचे महिने कार्डावर लिहिले आहेत.
७. बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक आहे.
८. जुन्या बॅटरीची किंमत वजा झाली आहे.

बिल, वॉरंटी कार्ड आणि हिशोबाचा कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. पुढच्या वेळी बॅटरी घेताना हिशोब पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.